वाचकांचे प्रश्न : पेटीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव

दोन अंकांपूर्वी एका वाचकाने विचारलं होतं, परदेशात वारलेल्या माणसाला घरी आणायला किती दिवस लागतात? मी चार ओळींत उत्तर उरकलं आणि चुकलो. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर संपूर्ण त्यालाच दिलं आहे. माझा अधिकार किती, तेही सांगून टाकतो. मी वकील नाही, डॉक्टर नाही. नोकरीची एकवीस वर्षं मी विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये आलेल्या मालाचे कागद तपासले. त्या मालात शवपेट्याही असायच्या. यादीत त्यांच्यापुढे एचयूएम अशी तीन अक्षरं छापलेली असतात, ‘ह्यूमन रिमेन्स’ म्हणजे मानवी पार्थिव याची खूण. ती दिसली की शेडमधला सगळ्यात बडबड्या हमालही गप्प व्हायचा.

पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मोठा भाऊ कामानिमित्त जर्मनीत गेला होता. हॉटेलच्या खोलीतच झोपेत गेला. आम्ही तिघं जण तीन ठिकाणी फोन करतोय. एक म्हणतो दूतावास सगळं करतो, दुसरा म्हणतो विमान कंपनीशी बोला, तिसरा एका एजंटाचा नंबर देतो. सुरुवात कुठून करायची?

हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी फोन केला होता. भाऊ घरी आले, पुढचं सगळं झालं. तरी उत्तर छापतो, कारण ही तिघांची तीन टोकं मी जन्मभर पाहिली आहेत.

आधी तिघांतला एक जण नेमा. सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात जवळचा नको. जो रडला तरी स्पेलिंग बरोबर सांगेल, तो. सगळे फोन त्याच्याच नंबरवरून जातील आणि त्याच्याच नंबरवर येतील. बाकीच्यांनी त्याला चहा द्यावा आणि ‘काय झालं?’ विचारणाऱ्यांना परस्पर उत्तरं द्यावीत. हे किरकोळ वाटतं, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला एकाच घरातून तीन फोन आले आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, की तो फाइल बाजूला ठेवतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवली असती.

मग पहिला प्रश्न एकच : मृतदेह या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे? रुग्णालयाच्या, पोलिसांच्या की अंत्यविधीवाल्यांच्या? पुढचं सगळं त्यावर ठरतं. माणूस रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेला असेल तर वाट सरळ असते. हॉटेलात एकटा गेला की पोलीस येतात, आणि ते बरोबरच आहे. जर्मनीत तपासणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचं कारण अस्पष्ट असल्याची खूण केली, की देह सोडायचा निर्णय सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे जातो. तिथून कागद निघेपर्यंत दूतावासाने कितीही फोन केले तरी देह हलत नाही. दूतावास चौकशी करू शकतो, हुकूम देऊ शकत नाही.

दूतावासाचं काम काय, याबद्दल फार गैरसमज आहेत. वकिलातींच्या संबंधांबाबतचा 1963 चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या 37 व्या कलमानुसार, परकी नागरिक वारल्याची माहिती स्थानिक अधिकाऱ्यांकडे असेल तर त्यांनी ती विनाविलंब त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायची असते. म्हणजे कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे, पण तुम्ही वाट पाहत बसू नका, स्वतः फोन करा. दूतावास पासपोर्ट रद्द करून देतो, देह नेण्यास हरकत नसल्याचं पत्र देतो, तिथल्या अंत्यविधीवाल्यांची यादी देतो. खर्च मात्र बहुतेक वेळा कुटुंबाचा, विमा कंपनीचा किंवा नोकरी देणाऱ्याचा असतो.

म्हणून दूतावासाच्या बरोबरीने दुसरा फोन विम्याचा. प्रवासविम्याच्या पॉलिसीत पार्थिव परत आणण्याचं एक कलम बहुधा असतं, आणि मदतीसाठी चोवीस तास चालणारा एक नंबर असतो. आधी त्या नंबरवर बोला, मग एजंट ठरवा. उलटं केलंत, आपणच कोणाला तरी पैसे देऊन बसलात, तर नंतर ‘आमची पूर्वपरवानगी नव्हती’ असं उत्तर येऊ शकतं. पॉलिसी सापडत नसेल तर भावाचा ईमेल आणि ज्या कार्डावर तिकीट काढलं त्या बँकेचे कागद पाहा. कधी कधी विमा तिकिटालाच चिकटलेला असतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो.

विमान कंपनी सगळ्यात शेवटी. त्यांना तुमच्याशी बोलायचंच नसतं, असं म्हटलं तर राग येईल, पण खरं आहे. शवपेटीचं बुकिंग तिथला अंत्यविधीवाला किंवा त्याचा कार्गो एजंट करतो, कारण पेटी नियमाप्रमाणे आहे याची जबाबदारी त्याच्यावर असते. हे नियम बरेच जुने आहेत. देशाच्या सीमेपलीकडे मृतदेह नेण्याबद्दलचा एक करार 10 फेब्रुवारी 1937 रोजी बर्लिनमध्ये झाला. पार्थिवाला स्वतःचा पासपोर्ट हवा, ही कल्पना त्यात आहे : नाव, वय, मृत्यूची जागा, तारीख आणि कारण लिहिलेला एक परवाना. जर्मन माणसं त्याला सरळ ‘लाइखेनपास’ म्हणतात, प्रेताचा पासपोर्ट. पुढे 26 ऑक्टोबर 1973 रोजी युरोपीय परिषदेचा स्ट्रासबुर्ग करार झाला, त्यात पेटीचं मापच दिलंय. बाहेरून किमान 20 मिलिमीटर जाड लाकूड आणि आत काळजीपूर्वक झाळलेली जस्ताची पेटी, किंवा मग 30 मिलिमीटर लाकडाला आतून जस्ताचा पत्रा. तळाशी ओल शोषून घेणारा थर. विमानाने न्यायची असेल तर आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहील अशी सोयही, कारण विमान वर गेलं की पोटातला दाब उतरतो आणि घट्ट झाळलेला डबा फुगतो.

त्याच करारात एक वाक्य आहे, ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावर थांबलो होतो : पेटी साध्या मालासारखी पाठवायची असेल तर ती शवपेटी दिसणार नाही अशी बांधावी आणि सांभाळून हाताळण्याची सूचना वर लिहावी. शेडमध्ये येणाऱ्या पेट्या अशाच असायच्या. तरटात शिवलेल्या, पट्ट्यांनी आवळलेल्या, डोक्याच्या बाजूला बाण आणि ‘हेड’. त्या बाजूला प्लास्टिकचा लिफाफा चिकटवलेला, त्यात कागद. माझं काम त्या लिफाफ्यापासून सुरू व्हायचं.

आता आपल्या माणसांची हमखास होणारी चूक सांगतो. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. परदेशातला नर्स किंवा पोलीस त्याला जे पहिलं दिसेल ते लिहितो. एकदा एक पेटी आली. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आडनाव म्हणून आलेलं, दूतावासाच्या पत्रावर आडनाव बरोबर, एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने येणाऱ्या मालाच्या पावतीवर, हॉटेलात वापरलेलं घरगुती नाव. तीन कागद, तीन माणसं. घरचे लोक काचेपलीकडे उभे. पेटीत कोण आहे हे त्यांनाही माहीत, मलाही माहीत, पण सही कशावर करायची? दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत ती पेटी दोन रात्री शीतगृहात राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ मला म्हणाला, ‘साहेब, तो जिवंत असताना कधी एवढा कोणासाठी थांबला नव्हता.’ मला हसावं की काय, कळेना.

म्हणून सांगतो : पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो काढा आणि दाखला लिहिणारा, दूतावासातला, अंत्यविधीवाला, विमावाला, प्रत्येकाला पाठवा. सोबत एकच ओळ लिहा, ‘नाव अगदी असंच लिहा.’ मृत्यूचा दाखला छापण्याआधी त्याचा मसुदा मागा. जन्मतारखेतही दिवस आणि महिना उलटे होतात, तेही पाहा. दाखल्याच्या मूळ प्रती पाच-सहा घ्या. परत आल्यावर बँक, विमा, नोकरी, सगळ्यांना मूळच हवी असते, आणि तेव्हा परदेशातल्या नगरपालिकेला पत्रं लिहीत बसणं हा वेगळाच छळ आहे.

प्रश्न : माझे यजमान सौदी अरेबियात नोकरीला होते. कामावर असताना गेले. कंपनीच्या माणसाने दोन कागद पाठवलेत आणि म्हणतो, सह्या करून पाठवा, मगच बॉडी निघेल. एक इंग्रजीत आहे, एक अरबीत. सही करू का?

ताई, इंग्रजीतला वाचा. अरबीतला आज करू नका.

तिथे कामगाराची सगळी कागदपत्रं नोकरी देणाऱ्याशी जोडलेली असतात. देह देशाबाहेर जायचा तर जिवंत माणसासारखाच कायमचा निघून जाण्याचा शिक्का, म्हणजे फायनल एक्झिट, लागतो. त्यामुळे कंपनीशिवाय काम पुढे सरकत नाही हे खरं. वारसांची संमतीही खरोखरच लागते : देह मायदेशी पाठवायचा की तिथेच दफन करायचा, हे कुटुंबाने लेखी सांगायचं असतं. तिथे दहनाची सोय नाही, म्हणजे अस्थी पाठवण्याचा पर्याय नाही. या संमतीला उशीर करू नका.

पण ‘देह पाठवायला आमची संमती आहे’ हा एक कागद आणि ‘आमचं कंपनीकडे काही येणं नाही’ हा दुसरा. शोकात माणूस दोन्हींवर एकाच पेनाने सही करतो. तुमच्या यजमानांचा राहिलेला पगार, नोकरीअखेरची रक्कम, कामावर अपघात झाला असेल तर भरपाई, हे हक्क देह निघाल्यानंतरही राहतात. मुखत्यारपत्र मागितलं असेल तर ते ‘मृतदेह ताब्यात घेणे आणि पाठवणे एवढ्यापुरते’ असं लिहून द्या. नुसतं ‘सर्व बाबींसाठी’ नको. अरबी कागद दूतावासाला पाठवा आणि विचारा की यात पैशांबद्दल काही लिहिलंय का. बोलतानाही हाच फरक ठेवा : ‘संमती आज देते, हिशोबाचं नंतर बोलू.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. समोरचा चिडला तरी तेच पुन्हा म्हणा.

कामावर मृत्यू झालाय, म्हणजे पोलिसांचा अहवाल आणि बहुधा वैद्यकीय तपासणीचा अहवाल असणार. दोन्हींच्या प्रती आताच मागा. नंतर कोणी ओळख देत नाही.

प्रश्न : दूतावासाने सांगितलं की पेटी उघडू नका. आईचा हट्ट आहे की लेकाचा चेहरा पाहिल्याशिवाय तिला खरं वाटणार नाही. काय करावं?

या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा लिहून खोडलं.

आधी पेटीत काय असतं ते सांगतो. विमानाने जाणाऱ्या देहाचं बहुतेक वेळा एम्बामिंग करतात. मानेजवळची किंवा मांडीची रक्तवाहिनी उघडून तीतून फॉर्मालिन असलेलं औषध सोडतात, त्याने कुजणं लांबतं. चेहरा त्यामुळे बराच टिकतो, पण तोच राहत नाही. कातडी घट्ट होते, रंग बदलतो, ओठ आत ओढल्यासारखे दिसतात. पोस्टमॉर्टेम झालं असेल तर छातीवर आणि डोक्याच्या मागे टाके असतात. जस्ताचं झाकण झाळलेलं असतं, ते कापावं लागतं, आणि कापलं की पहिला येतो तो औषधाचा वास. डोळ्यांना झोंबतो. अंगणात वीस माणसं जमलेली असताना छिन्नी-हातोडीने ते झाकण उघडणं, हे चित्र आईसाठी चेहऱ्यापेक्षा वाईट ठरेल.

आणि ‘उघडू नका’ असं लिहिण्यामागे कधी संसर्गाचं कारण असतं. त्या कागदावर रोगाचं नाव असेल तर आईची कितीही समजूत काढावी लागो, झाकणाला हात लावू नका. कारण लिहिलेलं नसेल तर ज्याने पेटी बंद केली त्या अंत्यविधीवाल्याला फोन करून थेट विचारा : देहाची स्थिती कशी होती, चेहरा दाखवण्यासारखा आहे का? ही माणसं रोज हेच काम करतात, बहुतेक जण खरं सांगतात. परदेशातला देह उघडायला स्थानिक आरोग्य खात्याची परवानगी लागते का, हेही आधीच विचारून ठेवा.

पेटी अजून बंद झाली नसेल, तर मात्र बरंच काही करता येतं. काही पेट्यांना चेहऱ्याच्या जागी काचेची खिडकी बसवतात. लाकडाची एक फळी उचलली की काचेतून चेहरा दिसतो, जस्त फोडावं लागत नाही. ती मागून घ्या. त्याला त्याचे स्वतःचे कपडे घालायला सांगा. तिथला एखादा मित्र, सहकारी, जो त्याला रोज पाहायचा, त्याला झाकण लावण्याआधी जायला सांगा. एक फोटो काढू द्या, आणि तो आईला दाखवायचा की नाही हे आधी तुम्ही पाहून ठरवा. मित्राने पाहण्यात दुसरं एक काम होतं : देह त्याचाच आहे याची खात्री. अदलाबदल क्वचित होते, पण झाली की घरी येऊन कळते. मोठ्या अपघातांनंतर इंटरपोलची पद्धत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांवरच भर देते. नातलगाने चेहरा पाहून ओळखणं तिथे पुरेसं मानत नाहीत, कारण धक्क्यात माणूस चुकीच्या देहालाही ‘हो’ म्हणतो.

आईबद्दल एवढंच म्हणेन. शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले होते, मुलाला न्यायला. त्यांना पेटी दाखवली. त्यांनी झाकणाबद्दल काही विचारलं नाही. तरटाचं टोक जिथे सुटलं होतं तिथून हात आत घातला, लाकडावर ठेवला आणि विचारलं, ‘डोकं या बाजूला ना?’ मी हो म्हटलं. तेवढा वेळ ते तिथेच उभे राहिले. तुमच्या आईला चेहराच हवा असेल, तर तो काचेतून मिळतो का ते पाहा. कदाचित तिला कोणीतरी फक्त ‘डोकं या बाजूला आहे’ एवढं सांगायला हवं असेल. विचारून पाहा.

प्रश्न : मामा जपानमध्ये वारले. तिथले लोक म्हणतात, इथेच दहन करून अस्थी घेऊन जा, सोपं पडेल. घरात दोन तट पडलेत.

सोपं पडेल, हे खरं आहे. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाचं दहनच होतं, त्यामुळे तिथली व्यवस्था सरावाची आहे. अस्थींना जस्ताची पेटी लागत नाही, एम्बामिंग लागत नाही. मघाशी सांगितलेला स्ट्रासबुर्गचा करारही त्यांना लागू होत नाही. दहनाचा दाखला, मृत्यूचा दाखला, दूतावासाचं पत्र आणि एक भांडं. भांडं लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्या. धातूचं असेल तर सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरणांत आतलं दिसत नाही, आणि ते अडवतात. अमेरिकेतल्या विमानतळांवर तर तुम्ही स्वतः सांगितलंत तरी तपासनीस असं भांडं उघडत नाहीत, सरळ नेऊ देत नाहीत. भांडं हातातल्या सामानात ठेवा, बॅगेत टाकून देऊ नका. हरवलेल्या बॅगा मी फार पाहिल्यात.

फक्त एक पाहा. मृत्यूबद्दल घरात कोणालाही, अगदी एकालाही, शंका असेल तर दहनाची घाई करू नका. दहनानंतर दुसरी तपासणी नाही. शंका नसेल तर ज्या तटाला मामांना स्वतःला काय हवं होतं ते आठवतंय, त्या तटाचं ऐका. पेसमेकर असेल तर दहनवाल्यांना जरूर सांगा, तो आधी काढावा लागतो, भट्टीत फुटतो.

प्रश्न : पेटी ज्या विमानात आहे त्याच विमानाने आम्हाला येता येईल का? आणि विमानतळावर कुठे थांबायचं?

येता येतं, पण आधी पेटीचं बुकिंग पक्कं होऊ द्या, मग तुमची तिकिटं काढा. बदलता येतील अशीच काढा. सगळ्या विमानांच्या पोटाचं दार बांधलेली पेटी आत जाईल एवढं मोठं नसतं. मध्ये छोटं विमान असेल तर तुम्ही पुढे आणि पेटी मागे, असं होतं. थेट विमान मिळत असेल तर दोन दिवस उशिराचं घ्या, पण थेट घ्या.

थांबायची जागा नीट वाचा, कारण इथे निम्मे लोक चुकतात. हातात हार घेऊन प्रवाशांच्या दाराशी उभे राहतात. पेटी तिथे येतच नाही. ती कार्गो टर्मिनलला जाते. ते बरंच लांब, वेगळ्या फाटकाने असतं. तिथे ज्याचं नाव माल घेणारा म्हणून एअरवे बिलावर आहे, त्यानेच मूळ ओळखपत्र घेऊन जायचं. एअरवे बिलाचा नंबर अकरा आकडी असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. तो एजंटाकडून पेटी निघायच्या आधीच घ्या. त्यावरून पेटी कुठे पोचली ते कळतं, आणि खिडकीवरचा माणूसही नावाआधी तोच विचारतो. विमान उतरल्यापासून पेटी हातात यायला काही तास धरा : आरोग्य तपासणी, कस्टम, मग शेड.

आणि शववाहिनीवाल्याला पेटीची लांबी-रुंदी आधी कळवा, बाहेरच्या बांधणीसकट. परदेशी पेटी लांब असते. एकदा गाडीचं मागचं दार मिटेना, तर घरच्यांनी दोरीने बांधून, एका मुलाला आत पेटीजवळ बसवून गाडी हळूहळू नेली. मी फाटकापर्यंत मागे चालत गेलो होतो, दोरी सुटते का बघायला.